तुर्गुनच्या गाडीची काच

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी जे घडलं तेवढंच सांगणार आहे. तिखटमीठ लावणार नाही.

यात मध्यरात्र नाही. ओसाड बंगला नाही. हे घडलं भर दुपारी, चहाच्या वेळेला, आमच्या आत-बाशी गावातल्या एका अंगणात. सप्टेंबरचा दुसरा आठवडा, बुधवार. त्याला आता सहा वर्षं झाली.

जिच्या बाबतीत घडलं ती सालकिन, माझी सख्खी मावसबहीण. आणि त्या वेळी तिथे होता तो कालमुरात. त्याने नानवर हात ठेवून मला अक्षरन् अक्षर तेच सांगितलं. आमच्याकडे नानवर हात ठेवून कुणी खोटं बोलत नाही.

सालकिनचा नवरा तुर्गुन गाड्यांच्या पुढच्या काचा बसवायचा. अख्ख्या खोऱ्यातल्या जुन्या रशियन गाड्या त्याच्या दारात उभ्या असायच्या. दगड लागून तडकलेल्या, गळक्या, खडखडणाऱ्या. जुनं रबर काढायचं, गंज खरवडायचा, काचेला नवं रबर चढवायचं आणि रबराच्या खाचेत दोरी भरायची. मग एकाने गाडीत बसून ती दोरी हळूहळू ओढायची, आणि दुसऱ्याने बाहेरून तळव्याने काच दाबत दाबत जायचं. दोरी सुटते तसं रबर पत्र्यावर चढतं. हे काम एकट्याचं नाही. कितीही मोठा कारागीर असो, एकट्याला जमत नाही.

आत बसायची सालकिन. सत्तावीस वर्षं.

तुर्गुन अबोल माणूस. 'ओढ' म्हणून हाकसुद्धा द्यायचा नाही. काचेवर दोन थापा म्हणजे ओढ, एक थाप म्हणजे थांब. "तुमचा संसार काचेतूनच चालतो गं," असं आम्ही तिला चिडवायचो.

आणि गंमत बघा. साऱ्या गावाच्या काचा घट्ट करणाऱ्या या माणसाची स्वतःची गाडी गळत होती.

पावाच्या लादीसारखी दिसणारी करडी व्हॅन. शहाऐंशी सालची. ड्रायव्हरच्या समोरच्या काचेचा खालचा कोपरा गळायचा आणि पाणी थेट त्याच्या गुडघ्यांवर पडायचं. तो मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी पसरायचा आणि खुशाल गाडी हाकायचा.

"लोकांच्या गाड्या कोरड्या, आणि माझा नवरा मात्र रोज मुतल्यासारखा घरी येतो!" सालकिन ओरडायची.

"करू गं उद्या," तो म्हणायचा.

आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरात शेजारची सून बाळंतपणात अडली. बाहेर पाऊस आणि बर्फ एकत्र कोसळत होतं. तुर्गुनने तिला घाट ओलांडून नारिनच्या दवाखान्यात पोचवलं. बाळ-बाळंतीण सुखरूप. पण परतताना गाडी चिखलात रुतली. चार तास तो त्या गळक्या काचेखाली बसून होता. घरी आला तेव्हा कमरेखाली ओलागच्च, ओठ निळे पडलेले.

सालकिनला राग आला. त्याचे मोजे ओढून काढता काढता ती म्हणाली, "बरं झालं! आता तरी काच करशील."

तिसऱ्या दिवशी त्याची छाती भरली.

आठव्या दिवशी तो गेला.

तेव्हापासून 'बरं झालं' हे दोन शब्द सालकिनने तोंडातून काढलेले नाहीत. तुम्ही ऐकून बघा. ती तिथे अडखळते आणि दुसरं काहीतरी बोलते.

गाडीवर ताडपत्री टाकली गेली. दहा महिने तिला कुणी हात लावला नाही.

मग ऑगस्टमध्ये एका सकाळी वाऱ्याने ताडपत्री उडवून नेली. पाठोपाठ पाऊस आला. सालकिन चुलीपाशी होती. तिला अंगणातून आवाज आला...

टप... टप... टप...

ती फडकं घेऊन धावली. गाडीचं दार उघडलं. कोपऱ्यातून पाणी येतच होतं. खाली पत्र्यावर तळं साचलं होतं, दाराची कड ओली, क्लचचा पेडल ओला.

आणि सीट...

सीट कोरडी होती. ठणठणीत कोरडी.

ती वाकून बघत राहिली. कोपऱ्यातून थेंब सुटत होता, सीटच्या दिशेने पडत होता, आणि सीटपर्यंत पोचतच नव्हता. वीतभर वरच कुठेतरी अडत होता. तिथून पुढे घरंगळून खाली पडत होता. जसं पाणी कुणाच्या गुडघ्यांवर पडावं आणि नडग्यांवरून ओघळावं.

ती किंचाळली नाही. पळालीही नाही.

नंतर मला म्हणाली, "भीती मागाहून वाटली गं. आधी एवढंच मनात आलं... हा अजून भिजतोय."

तिने कुणालाच सांगितलं नाही. गुरुवारी तेलात बोरसोक, म्हणजे कणकेचे फुगलेले तुकडे, तळले, गेलेल्या माणसापर्यंत वास पोचावा म्हणून. तुर्गुनच्या नावाने कुराण वाचून घेतलं. पुढच्या पावसात पुन्हा जाऊन बघितलं.

तेच.

तिसऱ्या पावसानंतर ती कालमुरातच्या दारात उभी राहिली.

कालमुरात वेल्डिंग करतो. तुर्गुनचा शाळेपासूनचा दोस्त. तुर्गुन जितका गप्प, तितका हा तोंडाळ.

"गाडी विकताय का वहिनी?"

"नाही. गळती काढायचीय."

"उभ्या गाडीची गळती काढून काय करणार? कोंबड्या पाळणार आत?"

"तुम्हालाच ठेवते, भावजी. तुमची बायको मला रोज दूध आणून देईल, घरातली बडबड गेली म्हणून."

तो खो खो हसला आणि हत्यारं घेऊन आला.

काच निघाली. कोपऱ्यातलं रबर काढल्यावर खालचा पत्रा दिसला. गंजून चाळण झाला होता. मधोमध एक भोक. करंगळीच्या नखाएवढं.

कालमुरातने त्यात बोट घातलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग नुसताच मान खाली घालून पत्रा घासायला लागला.

भोकावर पत्र्याचा तुकडा जोडला. रेड ऑक्साइडचे दोन हात दिले. दोन दिवस वाळू दिलं. बुधवारी दुपारी काच बसवायला घेतली.

सालकिन तिच्या नेहमीच्या जागी बसली. म्हणजे ड्रायव्हरच्या नव्हे, शेजारच्या सीटवर, ड्रायव्हरच्या बाजूला वाकून. ड्रायव्हरच्या सीटवर तिने बूडसुद्धा टेकवलं नाही. कालमुरातला वाटलं, दुःखापोटी.

बाहेर कालमुरात. रबर सरकावं म्हणून हाताला साबणाचा फेस. आणि तोंड सुरूच.

"ओढा! ओढा वहिनी! हळू! अहो दोरी आहे ती, माझे केस नव्हेत! आता ओढा!"

वरची कड बसली. एक बाजू बसली. मग गाडं अडलं. गार वाऱ्याने नवं रबर कडक झालं होतं.

"थांबा, गरम पाणी आणतो," कालमुरात म्हणाला. "दोरी सोडू नका, सगळं वाया जाईल."

त्याची पावलं घराकडे गेली. दार वाजलं.

सालकिन दोरी धरून बसली. काचेवर बाहेरून साबणाचा फेस होता, पलीकडचं काही दिसत नव्हतं. पाऊस भुरभुरायला लागला. कोंबड्या आडोशाला गेल्या. शेजारचा कुत्रा भुंकत होता, तोही थांबला.

सगळं शांत झालं...

आणि काचेवर थाप पडली.

दोन थापा.

तिच्या हाताने दोरी ओढली. सत्तावीस वर्षांची सवय. डोक्याने विचार करायच्या आत हात चालला.

बाहेरून तळवा दोरीच्या पुढे पुढे सरकत होता. फेसाआड नुसती सावली. जिथे दाब हवा तिथेच दाब येत होता. ना कमी, ना जास्त. कडक झालेलं रबर लोण्यासारखं चढत होतं.

"पाणी मिळालं का, भावजी?" तिने विचारलं.

"भावजी?"

कालमुरात, आणि उत्तर देत नाही...

तळवा खालच्या कोपऱ्यापाशी आला. त्याच कोपऱ्यापाशी.

एक थाप. थांब.

ती थांबली. बाहेर कुणीतरी अंगठ्याने रबराची कड दाबून बघत होतं. एकदा. पुन्हा एकदा. चुकायचं नाही म्हणून, सावकाश.

मग दोन थापा.

दोरी सुटून तिच्या मांडीवर पडली. काच बसली.

तेवढ्यात घराचं दार करकरलं. कालमुरात आला. एका हातात वाफाळती किटली, दुसऱ्या हातात अर्धवट खाल्लेला बोरसोक.

"अरेच्चा! एकट्यानेच बसवलीत?"

सालकिनला खाली उतरता येईना. "तुम्ही... बाहेर नव्हतात?"

"पाणी तापायला नको? चुलीपाशी होतो की."

त्याने काचेकडे बघितलं. फेस पुसला गेला होता. कडेकडेने, तळहाताच्या रुंदीचा पट्टा, जिथून कालमुरातने सोडलं होतं तिथून थेट कोपऱ्यापर्यंत. आणि कोपऱ्यात एका अंगठ्याचा ठसा.

दोघं बघत होते, आणि पाऊस तो ठसा धुऊन नेत होता.

कालमुरातने किटली जमिनीवर ठेवली. दोन्ही हात तोंडावरून फिरवले, दुवा पुटपुटला आणि फाटकाबाहेर पडला. हत्यारं तशीच टाकून. ती न्यायला दुसऱ्या दिवशी त्याची बायको आली.

तुम्हाला वाटेल, संपलं. चांगलं झालं, गेलेल्याची इच्छा पुरी झाली.

सालकिनलाही तसंच वाटलं.

चार दिवसांनी धो धो पाऊस पडला. ती गाडीत गेली. सगळं कोरडं होतं. एक थेंब नाही. तिने भीत भीत ड्रायव्हरच्या सीटवर हात ठेवला. मग त्यावर बसली. तिथे कुणी नव्हतं. अकरा महिन्यांत पहिल्यांदा ती मोकळेपणाने रडली.

रडत असतानाच आवाज आला...

बाहेरून.

काचेच्या कडेकडेने बोटं फिरत होती. वरून खाली, खालून कोपऱ्यापर्यंत. मग परत वर.

तुर्गुन हे प्रत्येक गाडीला करायचा. पहिल्या पावसात जाऊन बोटं फिरवून बघायचा, सांधा नीट बसलाय ना. सालकिनने स्वतःला तेच समजावलं.

पण बोटं थांबेनात. दहा मिनिटं. वीस मिनिटं. घाईघाईने. जशी आत यायची जागा शोधतायत.

"मग माझ्या लक्षात आलं," ती मला म्हणाली. "तो भिजत होता, पण घरात तरी होता. आम्ही त्याला बाहेर ठेवून काच लावून घेतली."

तिने दार उघडलं. "ये," म्हणाली. "ये ना आत." पाऊस आत आला. सीट भिजली. पूर्ण भिजली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुणीच आलं नाही. आणि काचेवरची बोटं तशीच फिरत राहिली, पाऊस थांबेपर्यंत.

गेल्या मे महिन्यात मी आत-बाशीला गेले होते. हे सगळं ऐकलं होतं, तरी मनातून म्हणत होते, एकटी बाई, भास होत असतील. परतताना सालकिन मला त्याच गाडीतून सोडायला निघाली. आता ती स्वतः चालवते. घाटाच्या पायथ्याशी पाऊस लागला. तिने वायपर सुरू केला. काच मस्त होती, थेंबभर पाणी आत येत नव्हतं.

आम्ही शहरात राहणाऱ्या तिच्या मुला-सुनेबद्दल बोलत होतो. सालकिन हसत होती.

हसता हसता ती मध्येच थांबली. गाडी कडेला घेतली. वायपर बंद केला.

काचेवरून पाण्याचे लोट वाहायला लागले. बाहेरचं काही दिसेना.

"काय झालं?" मी विचारलं. "चालू ठेव ना वायपर."

ती समोर बघत होती. हळूच म्हणाली, "नको. त्याच्या बोटांना लागेल."

मी कान दिला नाही. मुद्दाम दिला नाही. पर्समधून फोन काढला आणि जे तोंडाला येईल ते बोलत राहिले, मोठ्या आवाजात, पाऊस उघडेपर्यंत.

आता वाटतं, ऐकायला हवं होतं.

पण खरं सांगते... पुन्हा तिच्या गाडीत बसायची माझी हिंमत नाही.