शिळाछापातला डावखुरा

आमचे वडील लाकडी पिंपं बनवत आणि मी गळकी पिंपं बनवत असे. खोट माझ्या डाव्या हाताची; मी डावखुरी. वडील शिकवायचे उजव्या हाताने. त्यांचं बघून रंधा मारला की माझ्या फळीचा तिरका काठ भलतीकडेच उतरायचा. शेवटी ते वैतागले.

"एक पिंप न गळता करून दाखव, नाहीतर कारखाना विकून मोकळा होतो. नजर अंधूक झालीय माझी. मी एकट्याने किती रेटू?"

मला दुसरं काही येत नव्हतं, आणि यायला नकोच होतं.

शेगडीवरच्या भिंतीला एकोणिसाव्या शतकातलं एक शिळाछाप चित्र होतं: गुडघ्यात फळी धरून रंधा मारणारा पिंपवाला. धुराने पिवळं पडलेलं. जन्मापासून समोर होतं, पण नीट पाहिलं त्या दिवशी. त्याचा रंधा डाव्या हातात होता. यात चमत्कार काही नाही. दगडावर काढलेलं चित्र कागदावर उलटं उमटतं, आणि चित्रकार तेवढं विसरला असणार. त्याच्या विसरभोळेपणाने मला गुरू मिळाला. मी तशीच गुडघ्यात फळी धरली, तसंच मनगट वळवलं. काठ हवा तसा उतरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चित्रात फळ्या गोल उभ्या रचलेल्या होत्या. काल आपलं लक्ष नसेल, असं म्हणून मीही रचल्या. दुपारी त्याच्या पिंपावर लोखंडी कडं चढलेलं. मी घोटभर पाणी प्यायले, डोळे चोळले आणि कडं चढवलं. घाबरायला सवड कुणाला होती?

संध्याकाळी त्याने हातोडी खाली ठेवली होती. डाव्या हाताचं बोट एका सांध्यावर टेकलेलं. आणि तो पिंपाकडे नाही, माझ्याकडे बघत होता.

मी माझ्या पिंपाचा तोच सांधा चाचपला. नख शिरेल एवढी फट.

कडं सैल केलं. फळी काढली, तासली, बसवली. पुन्हा ठोकलं.

वडिलांनी स्वतः पाणी ओतलं. बराच वेळ थांबले. मग कोरडा तळहात पिंपाभोवती फिरवला, बुडाखाली घातला, गालाला लावला.

"कोरडं आहे गं, पोरी!" त्यांना रडूच फुटलं. "कारखाना तुझा!"

मी ओरडले, नाचले, त्यांना उचलायलाच निघाले होते. इतका आनंद मला पुन्हा कधी झालेला नाही.

चित्रात आता नुसतं पिंप आहे आणि भोवती ढलप्या.

हल्ली कामाला तोटा नाही. कारखान्यात मी एकटीच असते. वडील दाराशी बाकावर बसून ठोकण्याचा आवाज ऐकत असतात. काल जेवताना खुशीत म्हणाले, "माणूस चांगला ठेवलास. तुझा घाव पडतो न पडतो तोच त्याचा पडतो. मघाशी मला हाताला धरून उन्हातून सावलीत बसवलं त्याने."

मग पुढचा घास मोडत म्हणाले, "हात मात्र फारच गार आहे गं त्याचा."