पाण्याचा नेम

"व्हिसा आधी काढायचा, की तिथे पोचल्यावर?"

हेमाच्या ऑफिसात हा प्रश्न दिवसातून दहा वेळा तरी विचारला जायचा. कोथरूडला फरसाणाच्या एका दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर तिचं ऑफिस. दोन टेबलं, एक प्रिंटर, भिंतीवर जगाचा नकाशा, आणि हेमाच्या टेबलासमोर येणाऱ्यासाठी वेताची एक खुर्ची. साडेअकराच्या सुमाराला खालून पापडी तळल्याचा वास जिन्याने वर यायचा. आलेला माणूस त्या वासासकट खुर्चीत टेकायचा, मान पुसायचा आणि हेच विचारायचा.

हेमाचं उत्तरही ठरलेलं. "जिथे पोचल्यावर मिळतो तिथे आधी धावपळ कशाला? मुंबईला उतरल्यावर टॅक्सी मिळते म्हणून पुण्यातून टॅक्सी उचलून नेता का?"

माणूस हसायचा, निश्चिंत व्हायचा आणि जिना उतरायचा.

त्यामुळे मार्गशीर्षातल्या त्या सकाळी सलोनीने फोनवर सहज विचारलं, "आई, तू व्हिसा पोचल्यावरच काढशील ना? तुझं नेहमीचं?" आणि हेमा म्हणाली, "नाही. मी आधी काढणार," तेव्हा पलीकडच्या टेबलावर अर्ज तपासणाऱ्या पूर्णिमाने मान वर केली. पूर्णिमा वर्ध्याकडची, हेमाच्या हाताखाली नऊ वर्षं होती. ती पुन्हा अर्जाकडे वळली. कारण दोघींनाही माहीत होतं.

सलोनी ही हेमाची एकुलती एक लेक. तिला आठवा संपून नववा लागत होता. जावई तेजस पंपांच्या कंपनीत, आणि कंपनीने त्याला पूर्व आफ्रिकेतल्या एका बंदराच्या शहरात धाडलेलं. ते नाव ऐकलं तेव्हा हेमा म्हणाली होती, "दुसरं कुठलंही शहर मागा. हे नको." कारण विचारलं तेव्हा डासांचं सांगितलं. सलोनीचे वडील सहा वर्षांपूर्वी देवाघरी गेलेले, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. बाळंतपणाला जायला हेमाशिवाय कुणी नव्हतं.

गेल्या वर्षी याच दिवसांत सुशीलाबाई आल्या होत्या. विश्रांतवाडीहून दोन बस बदलून. निगुतीने नेसलेलं सुती पातळ, कपाळाला कुंकवाच्या जागी बुक्क्याचा ठिपका, हातात पिशवी. त्यांची सृष्टी त्याच शहरात होती, तिचं पहिलंच बाळंतपण. पूर्णिमाने पाणी पुढे केलं तर त्यांनी हात जोडले.

"अजून सृष्टीचा फोन यायचाय. तिचा आवाज कानावर पडल्याशिवाय मी पाणी घेत नाही. तिला दिवस राहिले तेव्हापासूनचा नेम आहे."

"आणि रेंज गेली तर?" हेमा म्हणाली.

"देव देतो ना रेंज," सुशीलाबाई हसून म्हणाल्या. आणि खरंच, तेवढ्यात फोन वाजला. लेकीशी चार शब्द बोलल्या, मग पेला उचलून एका दमात रिकामा केला.

त्यांच्या पासपोर्टची मुदत पाच महिन्यांत संपणार होती. मुदत सहा महिन्यांहून कमी उरली असेल तर आधी काढायच्या व्हिसाचा अर्ज पुढे सरकतच नव्हता. आधी पासपोर्ट नवा करा, तत्काळमध्ये आठवडाभराचं काम आहे, हे हेमाने सांगायला हवं होतं. पण त्या दिवशी तिला बत्तीस जणांच्या सहलीचे अर्ज उरकायचे होते.

"पोचल्यावर काढा, काकू. तिथे कोण तारखा बघत बसतंय?"

"नक्की ना, ताई?"

"नक्की."

सुशीलाबाईंनी तीनदा विचारलं. तिन्ही वेळा हेमाने संगणकावरून नजर न काढता तेच उत्तर दिलं.

तिथे तारखा बघितल्या गेल्या. सुशीलाबाईंना सात तास बाकावर बसवलं आणि परतीच्या विमानात चढवलं. सृष्टी तेवढा वेळ बाहेर कठड्याला धरून उभी होती, दिवस भरलेली. तिथेच ती कोसळली. आई आभाळात असताना तिकडे लेकही गेली आणि पोटातलं लेकरूही गेलं.

सुशीलाबाई विमानतळावरून थेट कोथरूडला आल्या, बॅग घेऊन. वेताच्या खुर्चीत बसल्या. हेमाने मनाशी जुळवून ठेवलेलं वाक्य म्हटलं, "हे बघा, नियम त्यांचे असतात. मी तुम्हाला लेखी काही दिलं नव्हतं."

सुशीलाबाईंनी ऐकून घेतलं. डोळ्यांत पाणी नव्हतं. पूर्णिमाने समोर पेला ठेवला तो त्यांनी दोन बोटांनी हळूच बाजूला सारला.

"काकू, अहो, आता..." पूर्णिमाने पेला पुन्हा पुढे केला.

"नेम का आपल्या सोयीने सुटतो, बाई? आवाज ऐकला की घेईन."

ऑफिस बंद व्हायच्या वेळेपर्यंत त्या तशाच बसून राहिल्या. मग उठून गेल्या. चौथ्या दिवशी त्यांच्या पुतण्याचा फोन आला. काकू गेल्या म्हणाला. हॉस्पिटलात सलाईनची सुई दोनदा उपसून टाकली, म्हणाला.

हेमाने त्यांची फाइल फाडून टाकली. सलोनीला यातलं अक्षर कळू दिलं नाही.

तर आता हेमाने स्वतःचा अर्ज भरला. बारा वर्षांत हजारो भरले असतील, हा दहा मिनिटांत झाला. तासाभरात तो परत आला. कारण एका ओळीचं होतं: छायाचित्रात एकाहून अधिक चेहरे आढळले.

हेमाने फोटो मोठा करून पाहिला. पांढरी पार्श्वभूमी आणि तिचा एकटीचा चेहरा. "यंत्र आहे," ती म्हणाली, "कानाची सावली पडली असेल." पूर्णिमाने भिंतीशी उभं करून मोबाइलवर दुसरा काढला. तोही परत आला. कारण तेच.

मग ती चौकातल्या स्टुडिओत गेली. फोटोवाला जुना, तिरकस माणूस. कॅमेऱ्याला डोळा लावून म्हणाला, "बाई, पासपोर्टचा फोटो जोडीने काढत नसतात. त्यांना बाहेर बसवा, एकेक करून या."

"कुणाला?"

त्याने डोळा काढला. स्टुलाकडे बघितलं, हेमाकडे बघितलं. "काही नाही. सरळ बघा," म्हणाला. पुढे त्याने एकही टोमणा मारला नाही. फोटो छापून पाकिटात घातला आणि पाकीट तिच्याकडे न बघताच पुढे सरकवलं.

तो फोटोही परत आला.

पाण्याचं लक्षात आलं ते त्याच आठवड्यात. एक गृहस्थ चौकशी करून गेले. त्यांच्यापुढचा पेला तसाच भरलेला होता. तेवढ्यात सलोनीचा फोन आला. हेमाने स्पीकर लावला. पाय सुजलेत, भात करपला, तेजसने पाळणा उलटा जोडला, असं पाच मिनिटं चाललं. फोन ठेवला आणि पूर्णिमा म्हणाली, "ताई, हे पाणी तुम्ही प्यायलात?"

खुर्चीपुढचा पेला रिकामा होता.

हेमा अशा गोष्टींना भीक घालणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने पंखा बंद केला, खिडकी लावली, पेला काठोकाठ भरून वेताच्या खुर्चीपुढे ठेवला आणि सलोनीला स्वतःहून फोन लावला. नजर पेल्यावर. पाणी हललं नाही. सलोनी कशावरून तरी हसली, तशी हेमाची नजर क्षणभर मोबाइलकडे गेली, आणि परत आली तेव्हा पेला कोरडा होता. पाणी प्यायलेल्या पेल्यासारखा ओला नव्हे, घासून पुसून मांडणीवर ठेवावा तसा कोरडा.

"काय हवंय तुम्हाला?" हेमा खुर्चीला म्हणाली. आपला आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही.

त्यानंतर पूर्णिमा रोज न सांगता पेला भरून ठेवू लागली. हेमा ओरडली तेव्हा एवढंच म्हणाली, "तहानलेल्याला पाणी नाही म्हणायचं माझ्याच्याने होणार नाही, ताई. तुम्हाला जमत असेल तर तुम्ही म्हणा."

हेमाला जमलं नाही.

"तुम्ही पोचल्यावर काढा की व्हिसा," पूर्णिमा म्हणाली. "तुमचा पासपोर्ट तर नवाकोरा आहे. आपण सगळ्या जगाला तेच सांगतो."

खरंच होतं. कुठलीच अडचण नव्हती. तरी तिकीट काढायला बसलं की हेमाच्या डोळ्यांपुढे तो बाक यायचा, सात तासांचा, आणि कठड्याला धरून उभी असलेली पोटुशी मुलगी. तिचं तोंड सलोनीचं असायचं. हेमा संगणक बंद करायची. असे नऊ दिवस गेले. नऊ दिवसांत ती दोनदा जाऊन आली असती.

मंगळवारी सकाळी तेजसचा फोन आला. तारखेच्या दोन आठवडे आधीच सलोनी बाळंत झाली. मुलगी. दोघी सुखरूप.

हेमा टेबलावर डोकं टेकून रडली. मग उठली आणि गुरुवारचं तिकीट काढून टाकलं. व्हिसा आला तर आला, नाहीतर पोचल्यावर. जाता जाता तिने स्टुडिओतला तोच नाकारलेला फोटो शेवटचा म्हणून पुन्हा चढवला.

पहिल्या झटक्यात घेतला गेला.

दुपारी हॉस्पिटलातून सलोनी बोलली. आवाज थकलेला, पण खुशीत. हेमाने बोलता बोलता खुर्चीकडे पाहिलं.

पेला भरलेला होता.

संध्याकाळपर्यंत तो भरलेलाच राहिला. पाण्यावर धुळीचा बारीक कण तरंगत होता. बुधवारीही तसंच.

"गेल्या," पूर्णिमा हळूच म्हणाली.

हेमाने वर्षभरात पहिल्यांदा त्या खुर्चीला हात जोडले. नातीचा जन्म झाला आणि माउली सुटली, असं तिने मनाशी ठरवलं. ओल्या फडक्याने खुर्ची स्वतः पुसली. त्या संध्याकाळी तिने डिंकाचे लाडू वळले, झबली-टोपडी बॅगेत भरली. कित्येक दिवसांनी जेवणाला चव लागली.

गुरुवारी सकाळी व्हिसा आला. पूर्णिमाने तो छापून हातात दिला. विमान संध्याकाळचं होतं. अकराच्या सुमाराला सलोनीचा व्हिडिओ कॉल आला. तिकडे साडेआठ झाले होते. कालच घरी आली होती ती. न्हालेली, केस बांधलेले, चेहरा तुकतुकीत.

"आई, तू ग्रेट आहेस. कुणाला तरी आधी पाठवायचं सुचलं कसं तुला?"

"कुणाला पाठवलं?"

"पुरे गं. मावशींना! उजाडता उजाडता दारात हजर. हेमाताईंच्या ऑफिसातून आले, म्हणाल्या. मी म्हटलं, व्हिसाला त्रास नाही ना झाला? तर म्हणाल्या, या वेळी कुणी अडवलंच नाही."

हेमाच्या हातातला कागद खाली गेला.

"काय हलका हात आहे गं! बाळाला न्हाऊ घातलं, रडली नाही एकदाही. फक्त मला सारखं बोलायला लावतात. बोल गं, बोलत राहा, म्हणतात. गोड आहेत."

"नाव काय सांगितलं?"

"नाव नाही विचारलं. मावशीच म्हणते मी. आणि ऐक ना, मी म्हटलं, बाळाचा पासपोर्ट निघाला की आम्ही सगळे पुण्याला येऊ. तर हसल्या. म्हणाल्या, अंगावरच्या लेकराला पासपोर्ट कुणी मागत नाही. मी नेते की."

पूर्णिमा उठून हेमाच्या मागे येऊन उभी राहिली.

"सलोनी, बाळ कुठं आहे?"

"खाली. कोवळ्या उन्हाला नेलंय."

"तेजसला खाली पाठव."

"तो औषधं आणायला गेलाय. काय झालं?"

"तू जा. आत्ता जा."

"अगं, टाके दुखतात माझे. थांब, गॅलरीतून दाखवते तुला. समोरच बसल्यात."

चित्र हललं. दाराची चौकट, वाळत घातलेली लंगोटं, गॅलरीचा कठडा. मग खालचं अंगण. सगळीकडे स्वच्छ ऊन पडलेलं. फाटक बंद होतं. झाडाजवळ प्लॅस्टिकची एक खुर्ची होती.

"आत्ता तर इथेच होत्या," सलोनी म्हणाली.

खुर्चीवर बाळाचं दुपटं होतं. कडेला कड जुळवून, चार पदरी घडी घातलेलं. काम संपलेल्या कापडाची घालतात तशी.