आठ मीटरवरचा आकडा

उन्हाळा नुकताच लागला होता. दर सोमवारी सकाळी सातला जलाशयाचं पाणी मोजायचं आणि धक्क्यावरच्या फळ्यावर लिहायचं, हे तिचं काम. पाणी किती उतरलं, वर किती तापलं, खाली किती थंड आहे, गढूळ की नितळ, आणि मासा सध्या किती खोलीवर लागतोय. गळ टाकणारी हौशी मंडळी तो फळा वाचल्याशिवाय बोटीला हात लावत नसत. तिला सगळे ‘पाणीवाल्या मॅडम’ म्हणायचे.

तिचे बाबा मात्र फळ्यासाठी थांबणाऱ्यांतले नव्हते. तीन वर्षांपूर्वी आई गेली, दीर्घ आजारपणानं, घरीच, अंथरुणात. शेवटचे कित्येक महिने बाबा तिचा हात हातात घेऊन बसलेले असायचे. ती गेल्यावर त्या रिकाम्या हातांत त्यांनी गळाची काठी धरली, ती आजतागायत.

त्या सोमवारच्या आदल्या संध्याकाळी जेवताना त्यांनी नेहमीसारखा खडा टाकून पाहिला होता.

“उद्या कुठे लागेल गं?”

“ऑफिसचं गुपित आहे.”

“सख्ख्या बापालाही नाही?”

“बापाला तर मुळीच नाही. आणि दगडी कोपऱ्याकडे जाऊ नका हं. पाणी तीन फूट उतरलंय, बोट खडकावर बसेल.”

“बरं,” बाबा म्हणाले. म्हणजे जाणार, हे तिला कळलं. सकाळी उठून पाहते तर त्यांचं अंथरूण गार आणि दारातले बूट गायब.

नावाडीकाकांनी बोट नेहमीच्या जागी, मध्यावर आणून उभी केली. वारा नव्हता. ऊन पाण्यावर पसरलं होतं आणि काठाकडून ओल्या चिखलाचा वास येत होता. तिनं खुणा केलेली केबल पाण्यात सोडली. केबलच्या टोकाला तापमान मोजणारा सेन्सर, वर तिच्या हातात छोटा पडदा. पृष्ठभागावर चोवीस. चार मीटरवर वीस. सहावर सतरा. सगळं ऋतूला धरून चाललं होतं.

आठ मीटरवर आकडा सदतीस झाला.

“बिघडलं वाटतं,” ती पुटपुटली. केबल वर ओढली, पुन्हा सोडली. चोवीस, वीस, सतरा... आणि सदतीस.

काकांनी मान वळवून पडद्याकडे पाहिलं. चाळीस वर्षं या पाण्यावर काढलेला माणूस, उगाच तोंड उघडणारा नव्हे. त्यांनी वल्ही हळूच आत घेतली.

“मॅडम, हा पाण्याचा आकडा नाही,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “हा माणसाच्या अंगाचा आहे.”

तिला हसायचं होतं, पण हसू ओठांपर्यंत आलंच नाही. तिनं केबल सावकाश वर घ्यायला सुरुवात केली. सात मीटर. सदतीस. सहा, जिथे आत्ताच सतरा होता. सदतीस. पाच. चार. सेन्सरबरोबर ते वर येत होतं. तिनं ओढणं थांबवलं. पण केबलभोवतीचं पाणी पालापाचोळ्यासह अलगद फुगलं, जणू खालून कोणी पाठ लावली असावी. बोट न डुलता जराशी उचलली गेली.

“श्वास रोखा...” काका कुजबुजले.

मग पडद्यावरचा आकडा एकदम खाली घसरला. वीस. ते निघून गेलं होतं.

थोड्या अंतरावर एक मासा पाण्याबाहेर उडाला. त्याच्या पुढे दुसरा. मग पाच-सहा एकदम. खालून कोणीतरी जातंय आणि मासे जिवाच्या आकांतानं बाजूला होताहेत, अशी ती उसळण एका सरळ रेषेत पुढे पुढे सरकत गेली. ती रेषा दगडी कोपऱ्याकडे जात होती.

“काका, तिकडे बाबा आहेत!”

काकांनी वल्ही अशी मारली की बोटीचे सांधे कुरकुरले. खडकांच्या वळणाआड बाबांची छोटी होडी दिसली, एका अंगाला पार कललेली. गळाची काठी पाण्यावर तरंगत होती. बाबा कडेवर ओणवे झाले होते आणि त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात होता.

“बाबा!”

“हळू गं... ओरडू नकोस.” त्यांनी वर पाहिलंच नाही. चेहऱ्यावर असं समाधान होतं, जे तिनं तीन वर्षांत पाहिलं नव्हतं.

“हात बाहेर काढा आधी.”

“काढतो ना. तिनं सोडला की काढतो.”

होडीची कड आता पाण्याला टेकायला बोटभरच उरली होती. काकांनी बोट होडीला भिडवली आणि बाबांना कमरेला मिठी मारली. तिनं त्यांचा दंड दोन्ही हातांनी धरला आणि ओढला. हात येईना. पाण्यात नजर घालायची तिची छाती होईना. डोळे घट्ट मिटून, आईला शेवटच्या दिवसांत समजावायची तशा आवाजात ती म्हणाली, “सोड... जाऊ दे त्यांना. माझ्याकडे दुसरं कोणी नाही.”

हात हिसक्यानं सुटला नाही. एकेक बोट सैल व्हावं तसा सावकाश वर आला. बाबांचं सारं अंग बर्फासारखं गार पडलं होतं, फक्त तळवा ताप भरल्यासारखा कढत होता.

परतीच्या वाटेवर बाबा लहान मुलासारखे विचारत राहिले, “आपण तिला घेऊन नाही का जायचं?” काकांनी वल्ही आणखी जोरात मारली.

ऑफिसात सेन्सर तपासला, तो ठणठणीत निघाला. साहेब म्हणाले, बॅटरी उतरली असेल. तिनं वाद घातला नाही. फळ्यावर एवढंच लिहिलं की दगडी कोपऱ्यात बोट नेऊ नये. पुढचे तीन सोमवार आठ मीटरवर सोळाच आकडा आला. मंडळी पुन्हा गळ टाकू लागली, मासाही भरपूर लागला. बाबांनी काठ्या शेजाऱ्याला देऊन टाकल्या. ते वेळेवर जेवत, पेपर वाचत, तिची थट्टाही करत. तिचा जीव भांड्यात पडला.

चौथ्या आठवड्यात, रविवारी दुपारी, ती बाजारातून परतली तर घरात हाक मारूनही उत्तर येईना. न्हाणीघराचं दार अर्धवट उघडं होतं. बाबा आत स्टुलावर बसले होते, कोरड्या कपड्यांत, दोन्ही हात मांडीवर ठेवून. समोर मोठी बादली काठोकाठ भरलेली. नळ बंद होता.

“बाबा, काय करताय इथे?”

त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

“हळू... आत्ताच डोळा लागलाय तिचा.”

ती दारातच खिळली. आत वारा नव्हता, बादलीला कोणाचा हातही लागलेला नव्हता. तरीही बादलीतलं पाणी झोपलेल्या माणसाच्या छातीसारखं संथपणे वर येत होतं, खाली जात होतं.