आठवड्यातले तीन दिवस कांचघर

आमच्या कांचघर मोहल्ल्यातल्या माता-बाल केंद्रात पुरुष चुकूनच येतो, म्हणून आलेल्याला मी, इथली नर्स, सोडत नाही. त्या सकाळी एक जण रडकं बाळ घेऊन दारात बावरून उभा होता. मी लगेच सुरू झाले, "भैया, बायकोच्या तब्येतीकडे बघा हं. दुसऱ्याची घाई नको, तीन वर्षं तरी थांबा!" आणि निरोधचं पाकीट त्याच्या हातात कोंबलं.

तो कानापर्यंत लाल झाला. "अहो... माझं अजून लग्नच नाही झालं! याची आई रक्त तपासायला आत गेलीय, जाताना याला माझ्याकडे देऊन गेली."

रांगेतल्या बाया खो-खो हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी अनिमेष. जिल्हा आरोग्य कार्यालयात लेखाधिकारी, मूळचा पुण्याचा."

अगं बाई! निधी कापला गेला होता. आमचं केंद्र बंद करून विजय नगरच्या केंद्राला जोडायचं का, हे ठरवायला येणारे साहेब ते हेच.

"नववा महिना लागलेली बाई दोन ऑटो बदलून विजय नगरला जाईल का?" मी भडकलेच.

"तेच तर बघायला आलोय. तुम्ही रागावलात की फार छान..."

"काय?"

"...छान समजावता."

चहाटळ मेला!

पुढे तो येतच राहिला. तोडक्या हिंदीत बायांशी बोलायचा, बाळं खेळवायचा. थंडीत दारातलं ऊन खात आम्ही चहा प्यायचो. तो आला नाही तर मला करमेना, खोटं काहून बोलू?

मग आदेश आला. केंद्र वाचलं! पण आठवड्यातून तीनच दिवस. उरलेले तीन दिवस मी दूर पाटन गावच्या केंद्रात, तिथे नर्सच नव्हती.

"मलाच पाटनला पाठवून राहिले तुम्ही?" माझे डोळे भरून आले.

"पैसे एकाच नर्सपुरते उरलेत, विनता. तुम्ही दोन्हीकडच्या बायांना हव्या होतात." तो आवाज खाली आणून म्हणाला, "आणि मलाही. तुम्ही तीन दिवस दिसणार नाही, हे कळत असून अहवालात तसं लिहिलं. फार जिवावर आलं होतं. प्रेम आहे माझं तुमच्यावर."

माझा राग कुठल्या कुठे पळाला. स्वतःआधी माझ्या बायांचा विचार करणारा हा वेडा... मला तोच हवा होता.

"पाटनहून संध्याकाळी बस धड मिळत नाही," मी पुटपुटले.

"मी येईन न्यायला. तिन्ही दिवस."

"अच्छा? अन् बाकीचे दिवस काय करून राहाल?"

त्यानं माझ्याकडे बघितलं. "तुमच्या घरी येऊ? आईंशी बोलायला?"

"आजच या," मी म्हटलं. "उद्या मी पाटनला असेन."