आप्तसूचीतली आई

मिरजेच्या ‘वंशवेध’ प्रयोगशाळेत सोमवारी सकाळी डॉ. फरीदा मुजावर यांच्यापुढे दोन तक्रारी आल्या. दोन्ही एकाच चुकीबद्दल होत्या, फक्त तिच्या दोन टोकांकडून.

पहिली तक्रार सांगलीच्या पद्मजा चौगुले यांची. वय एकोणतीस, अविवाहित, द्राक्ष संशोधन केंद्रात शास्त्रज्ञ. समाजाच्या वधू-वर मेळाव्यात हल्ली जन्मपत्रिकेला जनुकपत्रिका जोडावी लागे. नऊ ग्रहांनी भागत नव्हतं म्हणून हा दहावा. तेवढ्यासाठी पद्मजानं घरपोच आलेल्या लाळसंचातल्या नळीत थुंकून ती परत पाठवली होती. अहवालातल्या आप्तसूचीत छापून आलं होतं, ‘अपत्य : मुलगी, वय बावीस.’ पद्मजानं अगदी सभ्य भाषेत कळवलं होतं की, सात वर्षांची असताना मी दुसरीत होते आणि तेराचा पाढा पाठ करत होते, हे कृपया आपल्या यंत्राच्या कानावर घालावं.

फरीदा हसल्या. मग त्यांनी दुसरी तक्रार उघडली आणि त्यांचं हसू मावळलं.

ती मालवणच्या निमिषा मयेकर या मुलीची होती. वय बावीस. तिच्या आप्तसूचीत ‘आई’ दिसत होती, आणि तिची आई शुभदा अकरा वर्षांपूर्वी गेली होती. भांडी घासता घासता मोरीपाशी पडली ती उठलीच नाही; तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती. निमिषाही गेल्या वर्षात दोनदा अशीच पडली. रुग्णालयानं तिची सगळी जनुकं वाचली, तेव्हा हृदयाचा ठेका सांभाळणाऱ्या जनुकात एक अक्षर वेगळं निघालं. ते घातक आहे की निरुपद्रवी, हे जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. वडिलांकडे ते नव्हतं. आईकडे असेल, तर आई कशानं गेली ते उघड होतं आणि निमिषाच्या छातीत ताबडतोब ठेकारक्षक, म्हणजे ठेका चुकला की झटका देणारं यंत्र, बसवायला हवा होता. आईकडे नसेल, तर बावीस वर्षांच्या मुलीला जन्मभर यंत्र वागवायला लावण्यात अर्थ नव्हता. डॉक्टरांचा निर्णय दोन महिने अडला होता. शुभदा रत्नागिरीच्या अनाथाश्रमात वाढलेली, त्यामुळे विचारायला आजोळ नव्हतं. निदान आईकडचं कुणी सापडावं म्हणून निमिषानं लाळसंच मागवला होता.

‘मला एखादी मावशी हवी होती,’ तिनं लिहिलं होतं, ‘तुम्ही आई दिलीत. ही बाई कोण आहे?’

फरीदांचं घरगुती चाचण्यांबद्दलचं मत त्यांच्या नोकरीला शोभणारं नव्हतं. वंशाचे टक्के ही निम्मी करमणूक आहे, असं त्या पाहुण्यांना बिनदिक्कत सांगत. तुमची तुलना कुणाकुणाशी केली त्यावर उत्तर ठरतं. संग्रहात हजार माणसं नवी घातली की तुमचे पणजोबा कोकणातून उठून कर्नाटकात जातात. आरोग्याचं पानही तसंच, कारण संच नेहमीच्या काही जागा तपासतो आणि निमिषाच्या जनुकासारखं दुर्मीळ अक्षर त्याला दिसतच नाही. पण निम्मी अक्षरं सलग जुळणं हा अंदाज नसतो. तसं जुळलं म्हणजे एक जनक आणि दुसरं अपत्य. कोण कोणाचं, हे यंत्र वयं बघून ठरवतं आणि बिनघोर झोपतं.

नळ्यांची अदलाबदल झाली असेल म्हणून त्यांनी पद्मजाला नव्या नमुन्यासाठी बोलावलं. ती वडिलांसोबत आली. आण्णासाहेब चौगुले हळदीचे व्यापारी. मेळाव्याची कागदपत्रं तेच बघत, लाळसंचाचा अर्जही त्यांनीच भरलेला. नवा नमुनाही तेच म्हणाला. तेव्हा फरीदांनी यंत्राची कच्ची नोंद काढली. लाळेत यंत्राला दोन व्यक्ती दिसल्या होत्या, एक नव्वद टक्के आणि दुसरी दहा. दहा टक्क्यांना भेसळ समजून त्यानं गाळून टाकलं होतं. फरीदांनी पद्मजाच्या डोक्यावरचे चार केस मुळासकट उपटून घेतले आणि तपासले. केसांच्या मुळांत फक्त ती दहा टक्केवालीच होती.

त्यांनी बापलेकीला पुन्हा बोलावलं.

“तुमच्या द्राक्षबागेत मुळं कुठल्या वेलीची असतात?” त्यांनी पद्मजाला विचारलं.

“रानवट खुंटाची. वर थॉमसनचं कलम.”

“मग पान तपासलं तर मुळाचं काय कळेल?”

“काहीच नाही. पान कलमाचं असतं.” पद्मजा बोलता बोलता थांबली. “माझ्यावर कलम आहे?”

“तुमच्या हाडांतल्या मगजात. रक्त तिथे तयार होतं आणि लाळेत रक्तातल्याच पांढऱ्या पेशी जास्त. तुमचे केस तुमचे, हृदय तुमचं, उद्या मुलं झाली तर तीही तुमचीच. रक्त तेवढं दुसऱ्या बाईचं आहे, आणि ते ती गेल्यावरही तयार होत राहणार. अर्जातला अकरावा प्रश्न हाच होता. मज्जारोपण झालं आहे का? उत्तर आहे, नाही.”

खोलीत पद्मजाला ठाऊक नसलेली गोष्ट ठाऊक असणारं एकच माणूस होतं. आण्णासाहेबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“मीच लिवलं न्हाई म्हणून,” ते म्हणाले. “चार वर्षांची हुतीस. अंगात रक्तच तयार हुईना. सहा महिने हाय म्हणाले. मग कुणा बाईचा मगज जुळला. नाव सांगायचं न्हाई असा नियम. तू बरी झालीस आणि तुझ्या आईनं मला शपथ घातली, पोरीला आजारी म्हणून कुणी बघाय नगं. मुलगी बघाय येणारी माणसं काय काय इचारतात ते तुला ठावं हाय.”

कावीळ झाली होती, एवढंच पद्मजाला सांगितलेलं होतं. दहाव्या वर्षापर्यंत दर उन्हाळ्यात पुण्याला रक्त तपासायला का नेत, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. आता ती रागावेल असं फरीदांना वाटलं आणि ती थोडी रागावलीही. अर्ज भरताना पंचवीस वर्षांचं खोटं एका खुणेत मावलं, असं ती वडिलांना म्हणाली. पण राग फार टिकला नाही, कारण तिला एकदम जाणवलं की कुणा अनोळखी बाईनं दिलं म्हणून आपल्याला पाढे पाठ करायला मिळाले.

“त्या बाईंना मला भेटायचंय,” ती म्हणाली.

फरीदांनी निमिषाला फोन करून तिची परवानगी घेतली आणि मग तिची तक्रार पद्मजापुढे ठेवली. पद्मजानं ती शेवटपर्यंत वाचली. शुभदा गेल्याचं वाचून तिचे डोळे भरले. सगळं वाचून झाल्यावर मात्र तिनं कागद खाली ठेवला आणि बाही वर सारली.

“यांना आईकडचं कुणीतरी हवंय ना?” ती म्हणाली. “आईकडचं कशाला? आईचंच रक्त आहे की. माझं घ्या, आणि ते अक्षर शोधा.”

फरीदांच्या डोक्यात हे आलं होतं, पण मागायचं कसं हा त्यांना प्रश्न पडला होता. न मागता मिळालं म्हणून त्यांना फार बरं वाटलं. पद्मजाच्या स्वतःच्या हृदयाला त्या अक्षराचा काही धोका नव्हता, हेही त्यांनी आण्णासाहेबांना दोनदा समजावलं, कारण एकदा सांगून त्यांचा चेहरा सुधारला नव्हता.

त्यानंतरच्या गुरुवारी निमिषा वडिलांसोबत मिरजेला आली. रक्त तिच्यासमोर घ्यावं अशी तिची इच्छा होती. परिचारिकेनं सुई टोचली, नळी गडद लाल होत गेली आणि निमिषा ती भरेपर्यंत तिच्याकडे बघत राहिली. आईची राख आपण समुद्रात सोडली, असं ती मधेच म्हणाली, आणि डॉक्टर विचारत होते आईचा एखादा नमुना कुठे ठेवला आहे का. पद्मजा तिला म्हणाली, मी तुझी आई नाही, हे मला आधी बोलू दे.

“माहीत आहे मला,” निमिषा म्हणाली. “पण हे आत्ता, आजच तयार झालेलं आहे ना?”

“आजचं आहे,” फरीदा म्हणाल्या.

मयेकरांनी तेव्हा शुभदाची गोष्ट सांगितली. लग्नाआधी ती मज्जादात्यांच्या यादीत नाव घालून आली होती. का, असं त्यांनी विचारल्यावर म्हणाली होती, माझं रक्ताचं कुणी नाही, तर निदान मी कुणाची तरी होऊन बघते. ऐकताना आण्णासाहेबांना रडू आवरेना. आभार मानायचे राहून गेले, ते कुणाचे मानू हेच इतकी वर्षं कळलं नाही, असं म्हणत त्यांनी मयेकरांचे हात धरले ते बराच वेळ सोडले नाहीत.

पाचव्या दिवशी निकाल आला. पद्मजाच्या रक्तात तेच अक्षर होतं, त्याच जागी. केसांच्या मुळांत ते नव्हतं. छत्तिसाव्या वर्षी ठेका चुकून गेलेल्या बाईचा पुरावा तिच्या मागे अकरा वर्षांनी मिळाला, आणि तो वाचून डॉक्टरांनी दोन महिने अडलेला निर्णय दहा मिनिटांत घेतला. निमिषाच्या छातीत ठेकारक्षक बसला.

सात आठवड्यांनी मालवणच्या बाजारात भाजी निवडताना निमिषाचं हृदय भरकटलं. ठेकारक्षकानं एक झटका दिला. ती भोपळ्यांच्या ढिगावर बसली, पाणी प्यायली आणि चालत घरी गेली. संध्याकाळी तिनं पद्मजाला फोन केला. दोघींपैकी आधी कोण रडलं, यावर त्यांचं अजून एकमत नाही.

मेळावा त्याच आठवड्यात सांगलीत भरला. पद्मजानं वडिलांना दोन अटी घातल्या होत्या. जायचं तर लपवायचं नाही, आणि बोलायचं तुम्हीच. मुलीची ओळख करून द्यायला आण्णासाहेब व्यासपीठावर गेले. शिक्षण, नोकरी, उंची सांगून झाल्यावर त्यांनी ध्वनिक्षेपक घट्ट धरला. माझी मुलगी चार वर्षांची असताना मरणार होती, ते म्हणाले, आणि मालवणच्या शुभदा मयेकर या बाईंनी आपला मगज देऊन तिला वाचवलं. तिच्या अंगात आज त्यांचंच रक्त आहे. त्याच रक्तानं आता त्यांची स्वतःची मुलगीसुद्धा वाचली. हे मी पंचवीस वर्षं लपवलं, त्याची मला लाज वाटते.

पुढच्या रांगेतल्या एका वयस्क बाईंनी न राहवून विचारलं, “मग आता बरी आहे ना मुलगी?”

“दोन्ही बऱ्या हायत,” आण्णासाहेब म्हणाले.