न सोडलेला हात

डॉक्टर मृणालिनी विद्यार्थ्यांना पहिल्याच दिवशी एक गोष्ट बजावायची. पेशंटला "मी इथेच आहे" असं कधी म्हणायचं नाही. रेडिएशन सुरू होताना खोलीत पेशंट एकटाच राहतो. बाकी सगळे जाड दाराच्या बाहेर. "आम्ही बाहेरून तुमच्याकडे बघतोय" एवढंच म्हणायचं, कारण तेवढंच खरं असतं. विद्यार्थी माना डोलावतात आणि विसरतात. केयाही विसरली.

तिचा तरी काय दोष? भाऊसाहेब सगळ्यांचेच लाडके. कॅनडातल्या रेजिनात उभा जन्म शाळेतल्या मुलांना शिकवण्यात गेलेला, घशाच्या कॅन्सरलाही न जुमानता चेष्टामस्करी करणारा माणूस. पण डोकं हलू नये म्हणून असलेला जाळीचा मुखवटा चेहऱ्यावर बसवून टेबलाला घट्ट अडकवला, की त्यांचं अवसान गळायचं. दोनदा तर अर्ध्यातच मशीन थांबवून त्यांना सोडवावं लागलं होतं. आणखी खंड पडला तर गाठ आटोक्यात राहणार नाही, हे मृणालिनीने त्यांना स्पष्टच सांगितलं होतं.

"मरणाचं काही नाही हो," ते म्हणाले. "आत एकटं पडायचं भय वाटतं."

केयाने त्यांचा हात हातात घेतला. "काका, आय अ‍ॅम राइट हिअर. मी हात सोडणार नाही. प्रॉमिस."

मुखवटा बसला. दोघी बाहेर आल्या, दार लागलं. मृणालिनी केयाला चांगलं सुनावणार होती, तेवढ्यात तिचं लक्ष स्क्रीनकडे गेलं. भाऊसाहेब अगदी शांत पडले होते. उजव्या हाताची बोटं मिटलेली, पण पुरती नाहीत. आत आणखी कुणाचा तरी हात मावेल एवढी जागा होती.

शेजारी केया स्वतःच्या हाताकडे बघत होती. बोटांवर वळ उमटत होते.

"मॅडम... ते खूप घट्ट धरतायत."

मशीन थांबलं तसा हात सुटला. खरं तर मृणालिनीला काही विचारायचंच नव्हतं. पेशंटला गुण येत होता ना, मग झालं. त्यानंतर रोज भाऊसाहेब निमूट आडवे व्हायचे आणि रोज केया बाहेर हात चोळत उभी राहायची. ट्रीटमेंट पार पडली. केया प्रशिक्षणाच्या पुढच्या रोटेशनसाठी दूर बर्नाबीला गेली.

मार्चमध्ये भाऊसाहेब झोपेतच गेले. गाठीचा मागमूस नव्हता, हृदयच थांबलं. मुलं येईपर्यंत त्यांना तीन-चार दिवस शीतगृहात ठेवलं होतं. आज मुलाने दहनाचं बटण दाबलं आणि मृणालिनी बाहेर येऊन गाडीत बसली. आता ते खरोखरच आत एकटे आहेत, या विचाराने तिला रडू आलं. तेवढ्यात केयाचा फोन आला. तिला अजून कुणी काही कळवलं नव्हतं.

"मॅडम, काकांची ट्रीटमेंट परत सुरू केलीत का? विअर्ड वाटेल, पण तीन-चार दिवस झाले, त्यांचा हात परत आलाय. एकदम गार. मी सोडला नाही. प्रॉमिस केलं होतं ना."

मृणालिनीने मान वळवून दहनगृहाच्या धुराड्याकडे पाहिलं.

"पण आत्ता थोड्या वेळापासून," केया हळूच म्हणाली, "तो गरम होत चाललाय... खूप गरम. आणि आता मला सोडवता येत नाहीये."