भलेपणाचा आकडा

दुपारी दोनला गणनकक्षातला मोठा संगणक रखडला. शेजारच्या टेबलावरचा संशोधक कुरकुरला, "ताई, तुमचं यंत्र जेवून आडवं झालंय का?"

"बघते." देखभाल तिच्याकडे होती. चारला लेकीला शाळेतून आणायचं होतं. या आठवड्यात दोनदा उशीर झाला होता. "आज आली नाहीस, तर बोलणारच नाही तुझ्याशी," असं लेकीनं सकाळी बजावलं होतं.

चालू कामांच्या यादीत सगळ्यात वर एक बिननावाचं काम होतं. मालक म्हणून तिचं नाव. तिनं ते सुरू केलं नव्हतं. सुरू झाल्याची तारीख चौतीस वर्षांपूर्वीची; यंत्र तीन वर्षांचं. तारखेत दोष, अशी तिनं वहीत नोंद केली.

"मारून टाका की," संशोधक म्हणाला.

"नको. मागे ढकलते. वाटलं तर परत पुढे घेऊ."

प्रत्येक कामाला एक आकडा असतो. कक्षात त्याला भलेपणा म्हणत. आकडा जितका मोठा, तितकं ते काम इतरांना पुढे जाऊ देतं. एकोणीस म्हणजे सगळ्यांचं उरकल्यावर उरेल तो वेळ. तिनं स्वतःच्याच खात्यातून एकोणीस टाकलं.

यंत्र सुटलं. "वा!" संशोधक पडद्याला म्हणाला.

चहावाल्यानं सगळ्या टेबलांवर कप ठेवले. तिच्या टेबलाजवळून तो तसाच पुढे गेला. तिनं हाक मारली. त्याच वेळी आणखी कोणी बोललं. तो तिकडे वळला.

तिनं यादीतली ती तारीख पुन्हा वाचली : तिचीच जन्मतारीख. तिनं त्या कामाचा आकडा पूर्वीच्या शून्यावर आणायला घेतला. पडद्यावर आलं : परवानगी नाही. मग तिला आठवलं. आपल्या खात्यातून भलेपणा वाढवता येतो, कमी करता येत नाही. ते फक्त साहेबांच्या हातात.

ती साहेबांच्या टेबलासमोर उभी राहिली. ते संशोधकाशी बोलले, फोनवर बोलले, शिपायाशी बोलले.

"साहेब, एक मिनिट," ती म्हणाली.

त्यांनी चष्मा पुसला आणि पुढचा फोन घेतला.

भीती वाटायला हवी होती. तीही रांगेत असावी.

चारला पाच कमी असताना ती शाळेच्या फाटकात पोचली. लेक पायरीवर बसली होती. ती लेकीसमोर उभी राहिली. लेक तिच्यामागच्या रस्त्याकडे बघत होती.

साडेचार वाजले.

बाबा आला. "आई कुठंय?"

"नाही आली."

"चल."

दोघं गेली. रखवालदारानं फाटक लावलं. रस्त्यावर कोणी उरलं नाही.

मग तिच्या तोंडून आवाज निघाला, "आले गं."